दाजींचा स्थिर तारा

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला मानभावी म्हणायला नको.

तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासत फिरायचे, पाच ग्रॅमांच्या फरकाला दुकानदारांना घाम फोडायचे. माझ्या खिळे-स्क्रूच्या दुकानातला काटाही त्यांनी एकदा जप्त केला. त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले आणि दोनदा भाजी मागून घेतली. ताई ताटाकडे बघत बसली.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर दुर्बीण बसवली, तिला कॅमेरा जोडला आणि आकाशाची तपासणी सुरू केली. आकडे त्यांनी सांगायचे, ताईने वहीत उतरवायचे. एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे असतात; एक दुसऱ्याला झाकतो तेव्हा उजेड घटतो. तो मोजायचा तर त्याच फोटोतला एक न बदलणारा तारा शेजारी धरावा लागतो, तराजूतल्या वजनासारखा. आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळासाठी हा तारा दाजींनीच नेमून दिला होता. अकरा वर्षांच्या मोजणीवरून त्यांनी जाहीर केलं, की एक जोडी दर वर्षी किंचित उजळते आहे. मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याच जोडीमागे मीही सहा वर्षं होतो, दुकान बंद केल्यावर, गुडघे आखडेपर्यंत. पण माझा कॅमेरा स्वस्तातला. त्याच्या चौकटीत दाजींचा तारा मावायचा नाही, म्हणून मी जवळचा दुसरा धरला. माझ्या आकड्यांत जोडी काही उजळत नव्हती.

बैठकीत दाजींनी माझी वही दोन बोटांनी उचलली. "नेमलेला तारा सोडून हा भलताच धरतो. खोट्या वजनाने मोजलेला माल आहे हा. रद्द."

वीस माणसांसमोर माझी सहा वर्षं केराच्या टोपलीत गेली. त्यांचा गळा धरावासा वाटला मला.

त्याऐवजी मी ताईकडे त्यांचे जुने फोटो मागितले. तिने पेनड्राइव्ह हातात ठेवला. "माझं नाव घेऊ नकोस," म्हणाली. त्यांच्याच फोटोंत त्यांचा स्थिर तारा मी इतर चार ताऱ्यांशी ताडून पाहिला. तो दर वर्षी मंदावत होता. जोडी उजळत नव्हतीच, वजनच झिजत होतं.

आलेख घेऊन गेलो. दाजींनी चष्मा पुसला आणि पट्टी लावून एकेक ठिपका तपासला. चहा निवून गेला.

"फोटो कुठून आणलेस?"

"दाजी, माझी वही मंडळात परत घ्या. एवढंच म्हणणं आहे."

"बघतो."

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्रक आलं. उजेड बदलणारा एक नवा तारा सापडला होता. शोध दाजींचा, पुरावा त्यांच्याच अकरा वर्षांच्या नोंदी. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. माझ्या वहीचा उल्लेख नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'एका सभासदाच्या कॅमेऱ्याची चौकट तोकडी असल्याने ही बाब लक्षात आली.'

मी तणतणत ताईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"निदान तुझा कॅमेरा तरी छापून आला रे," ती म्हणाली. "अकरा वर्षं नोंदी मी उतरवल्या. माझं तेवढंही आलं नाही."

माझ्या आलेखावरही नाव फक्त माझंच होतं.