साहेबाचं नाक आणि कांबळे सरांचा चहा

हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांच्या गाडीच्या डिकीत दोन गोष्टी साठत जातात. मोडकी पाती आणि किस्से. पाती कधी ना कधी भंगारात जातात. किस्से तिथंच राहतात आणि दर रविवारी त्यात भर पडते. मोडणारा माणूस जितका शहाणा, तितका किस्सा झकास!

माझी उभी हयात बातमीदारीत गेली, म्हणजे सोलापुरातल्या साहेबलोकांशी भांडण्यात गेली. पण हे किस्से रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचे आहेत. माझं नवं हेलिकॉप्टर सध्या आमच्या फ्रिजवर विराजमान आहे. मोठं, निळं, रुबाबदार. ते तिथवर पोचू नये म्हणून कुणी कुणी काय काय केलं, ते ऐकाच!

*

आम्ही हेलिकॉप्टर उडवतो त्या माळावर मी पहिल्यांदा गेले ती बातमी करायला. ऑफिसात कुणाचा तरी फोन आला होता, "होटगी रोडच्या पलीकडं माळावर काय काय उडवतेत. आमच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या!"

मी तावातावानं पोचले. तीन प्रौढ पुरुष माना वर करून, तोंडं उघडी टाकून उभे!

"परवानगी कुणाची घेतली?" मी विचारलं.

त्यातले सगळ्यात वयस्कर कांबळे सर. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. वर बघतच म्हणाले, "जागा माझी आहे मॅडम. मीच अर्ज केला, मीच मंजूर केला. हे जरा धरा."

आणि रिमोट माझ्या हातात! समोर तळहाताएवढं खेळण्यातलं हेलिकॉप्टर. मी रिमोटवरची काडी सरकवली, ते अलगद वर गेलं, आणि मी तोंड उघडं टाकून उभी राहिले.

बातमी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांचं पुढं काय झालं, ते आजतागायत कळलेलं नाही!

*

तसलंच एक मी घेतलं. त्याला एकावर एक दोन पंखे असतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. त्यामुळं ते आपलं आपण सावरतं. तुम्ही चुका करा, ते पोटात घालतं. थोड्याच दिवसांत मला वाटायला लागलं, आपण पायलट झालो!

एका रविवारी मी सहज विचारलं, "आता पुढचं कुठलं घेऊ?"

हा प्रश्न आमच्या माळावर कधी विचारू नये. उपवर मुलीला स्थळं सुचवावीत तशी माणसं तुटून पडतात.

मल्लिनाथअण्णा म्हणाले, "मोठंच घ्या की ताई! लहान वाऱ्यात पतंगासारखं जातंय. मोठं असलं की रुबाब असतोय!" अण्णा धान्याचे व्यापारी. त्यांना कुठलीही गोष्ट क्विंटलातच दिसते.

श्रीनिवासचा टॉवेलचा कारखाना आहे. तो म्हणाला, "अक्का, उलटं उडणारं घ्या. सरळ काय, कुणीपण उडवतं."

कांबळे सरांनी थर्मासमधून चहा ओतून घेतला.

*

अण्णांच्या मोठ्या हेलिकॉप्टरचा किस्सा इथंच सांगते. ते घरी आलं तेव्हा त्याची साग्रसंगीत पूजा झाली. हळदकुंकू, विभूती, नारळ, झेंडूचा हार. मग सगळं खानदान गाडीत भरून अण्णा माळावर हजर!

"बाजूला व्हा री सगळे!" म्हणत त्यांनी रिमोट हातात घेतला. पंखा गरगरायला लागला. आणि हार काढायचा राहिला होता तो थेट पंख्यातच!

फाडफाड आवाज झाला. झेंडू चहूकडं उडाला. वहिनींच्या केसांत, नातवंडांच्या तोंडात, कांबळे सरांच्या चहात! हेलिकॉप्टर थरथरलं, तिरकं झालं आणि कुशीवर आडवं पडलं.

 अण्णांनी खांद्यावरची पाकळी झटकली.

"बघा," ते म्हणाले, "पूजा केल्ती म्हणून एवढ्यावर भागलं!"

*

मी पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. म्हटलं, पुढचं हेलिकॉप्टर घ्यायचंय, सल्ला द्या.

"मुलगा केवढा आहे मॅडम?"

"मुलगा बंगळुरूला नोकरी करतो."

"अच्छा, म्हणजे नातवासाठी!"

"नातू नाही. मला पाहिजे!"

 दुकानदार अत्यंत गोड आवाजात म्हणाला, "मग मॅडम, ड्रोन घ्या ना. हात सोडला तरी आपोआप एका जागी थांबतो. लेडीजना बरा पडतो."

मी जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. इतकंच सांगते, शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरं विमान का घेत नाही?"

*

श्रीनिवास हेलिकॉप्टर शिकला तो कॉम्प्युटरवर. कारखान्यात एकीकडं माग खडखडताहेत आणि केबिनमध्ये मालक पडद्यावर गिरक्या मारताहेत! उलटं उडवायचा, घिरट्या घालायचा, सगळं यायचं त्याला. पडद्यावर हेलिकॉप्टर आपटलं की एक बटण दाबायचं. लगेच कोरं करकरीत नवीन हजर!

मग त्यानं थेट मोठं मागवलं. माळावर आला, उडवलं, पहिल्याच दमात उलटं केलं. वाहवा! आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि ते उलटंच खाली आलं. मुरमात घुसलं.

श्रीनिवास जागचा हलला नाही. नजर समोर आणि अंगठा रिमोटवर टक, टक, टक.

कांबळे सर शांतपणे जवळ गेले. "श्रीनिवास, ते बटण दाबू नका. इथं नवीन कुरिअरनं येतं."

*

आता कांबळे सरांचा नियम. आमच्या माळावर पुढचं हेलिकॉप्टर घ्यायचं तर सरांची परीक्षा पास व्हावी लागते. अण्णा आणि श्रीनिवासनं ती टाळली, त्याची फळं वर आलीच आहेत. दोघांच्या आपटण्यानंतर तर सरांनी फर्मानच काढलं. परीक्षेशिवाय खरेदी करील, त्याला माळ बंद!

परीक्षेसाठी आम्हा सगळ्यांचं मिळून एक हेलिकॉप्टर आहे. लहानसं, एकाच पंख्याचं, जागोजागी चिकटपट्ट्या लावलेलं. एकच पंखा म्हणजे आपोआप सावरणं वगैरे काही नाही. त्याचं नाव 'साहेब', कारण ते कुणाचंच ऐकत नाही!

साहेबाला उडवायचं, त्याचं नाक आपल्याकडं वळवायचं आणि तसंच नजरेला नजर देऊन एका जागी थोपवून धरायचं. सर एक कप चहा पिऊन होईपर्यंत. कप उपडा ठेवला की पास.

ऐकायला सोपं वाटतं. पण नाक आपल्याकडं आलं की सगळी दुनिया उलटी होते. आपण डावीकडं न्यायला जावं तर ते उजवीकडं. घाबरून आणखी डावीकडं ढकलावं, तर ते आणखी उजवीकडं! आणि सर चहा पितात तो कसा? एक घोट, मग क्षितिजाचं अवलोकन, मग दुसरा घोट. साहेबाची बॅटरी संपायच्या जरा आधी कप संपतो, त्याच्या आत नाही.

वर आणखी एक अट. "उडवताना बोलायचं नाही," सर म्हणाले. "एकाग्रता लागते."

"मला बोलायला बंदी?" मी म्हटलं. "आजवर कुणी घातली नाही!"

"म्हणून तर सांगतोय," सर म्हणाले.

*

आता श्रीनिवासलाही परीक्षा चुकेना, तर त्यानं तिच्यावर तोडगा काढला. साहेबाचं नाक आपल्याकडं वळलं की आपणच पाठमोरं व्हायचं आणि मान वळवून मागं बघत उडवायचं! म्हणजे डावं ते डावंच. साहेब फिरला की श्रीनिवास फिरायचा, श्रीनिवास फिरला की साहेब. माळावर फुगडी सुरू झाली. शेवटी चक्कर येऊन श्रीनिवास खाली बसला. साहेब वरच होता!

माझी गत त्याहून वाईट. मी तोंड मिटून उभी राहायचे, साहेब तोंडासमोर यायचा, आणि माझ्याच अंगावर धावून यायचा. दर रविवारी सरांचा चहा अर्ध्यावर असताना मी बाभळीआड!

शेरडं राखणारी एक आजी हे नेहमी बघायची. एकदा तिनं विचारलं, "व्हय गं बाई, कुटं जायाचं असतंय त्याला?"

"कुठं नाही आजी. एका जागी थांबवायचं असतं."

"आन ते थांबंना व्हय?" ती म्हणाली. "मग बंद करून ठिव की खाली! थांबतंय का न्हाय बग!"

*

आणि मग तो रविवार. सकाळी माझी बातमी छापून आली होती. आमच्या भागात नळ कोरडे आणि फुटक्या व्हॉल्व्हचं पाणी रस्त्यावर. फोटोसकट!

वारा पडलेला. सरांनी चहा ओतला. मी साहेबाला हवेत उचललं, नाक माझ्याकडं वळवलं. ते डुलायला लागलं. सवयीप्रमाणं मी बाभळीकडं एक पाऊल टाकलं, तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. थांबेचना! अण्णांनी काढला, उचलला, स्पीकरवर टाकला. पाणीपुरवठा खात्याचे साहेब! खरे!

"मॅडम, काय छापलंय हे? तुम्हा पत्रकारांना तांत्रिक बाबी कळतात का?"

बोलायचं नाही, ही अट मला पाठ होती. पण हे ऐकून घ्यायचं?

"पाणी खालून वर चढत नाही, एवढी तांत्रिक बाब मला कळते!" मी ओरडले. "व्हॉल्व्ह कधीपासून फुटलाय, ते सांगा!"

"पाहणी सुरू आहे..."

"कोण करतंय? म्हशी? त्याच बसल्यात त्या डबक्यात!"

फोनमधले साहेब चढले, मी त्याहून चढले. किती वेळ, कोण जाणे. मधेच माझं लक्ष माळाकडं गेलं. अण्णा फोन धरून पुतळ्यासारखे उभे. श्रीनिवासचं तोंड उघडं. माझे अंगठे आपले आपण चालत होते. आणि समोर, माझ्या नजरेच्या उंचीवर, चिकटपट्ट्यांचा साहेब खिळा मारल्यासारखा थांबलेला. नाक थेट माझ्याकडं!

मी दचकले. दचकले आणि गप्प झाले. त्याबरोबर साहेब डुलला.

"हे बघा, मला असल्या चर्चेत वेळ घालवायचा नाही," फोनमधून आवाज आला. "मी फोन ठेवतो."

कांबळे सरांनी कपात पाहिलं. मग अण्णांकडं पाहिलं.

"ठेवू नका री साहेब!" अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडले. "पाया पडतो! ताईंची परीक्षा चाललीय, सरांचा अर्धा कप चहा राहिलाय! अजून थोडं भांडा!"

 मग आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा नरम आवाजात साहेबांनी विचारलं,

"कुठल्या विषयावर?"