हौदातले लाडू

कोंडाजीला राग येत नसे. येणारी वस्तू कधीतरी जाते. कोंडाजीचा राग त्याच्याकडे मुक्कामालाच होता. नाशिक रोडच्या एका कॉलनीतल्या बागेत तो पगारपत्रकावर माळी होता. तो गुलाबावर ओरडे, झारीवर ओरडे, पाइपाला पीळ पडला तर पाइपाच्या सात पिढ्या उद्धरी. फक्त बागेच्या मधोमध असलेल्या गोल सिमेंटच्या हौदापाशी आला की आवाज खाली येई. राग तोच, पण कुजबुजत.

हौदात अकरा कुंड्या बुडवलेल्या होत्या, त्यांत पांढरी कमळं आणि भोवती फिरणारे मासे. कॉलनीतले शिकलेले लोक म्हणत, ही कमळं नव्हेत, लिली. कोंडाजी म्हणे, "तुमी काय बी म्हना, तिला कुटं ऐकू जातंय!"

दर फाल्गुनात या कमळांना खुराक मिळे. हौदातलाच चिकट गाळ, दोन वर्षं मुरलेलं शेणखत आणि मूठभर हाडाचा चुरा एकत्र मळून त्याची बायको चांगुणा लाडू वळायची. लाडू सावलीत दोन दिवस सुकवायचे. मग कोंडाजी धोतर खोचून हौदात उतरे, एकेक लाडू कोंबापासून चार बोटं लांब, मनगट बुडेपर्यंत चिखलात दाबे आणि वरून गाळानं भोक लिंपून टाके.

"खत मुळाला कळलं पायजे, पान्याला नाय," तो सांगे. "पान्याला कळलं की गावभर होतं."

वैशाखी पौर्णिमेला पहिली फुलं त्याच्या वस्तीतल्या बुद्धविहारात जात, उरलेली कॉलनीतल्या देवघरांत. अकरा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. आणि १९७८ साली तर विहारात नवी मूर्ती बसायची होती. वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या कुसाबाईंनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं, "पहिलं फूल कोंडाजीच्या हौदातलं." त्या दिवशी कोंडाजी घरी येऊन चांगुणेवर विनाकारण ओरडला. ती समजली, माणूस खूश आहे.

नेमकं त्याच फाल्गुनात वाल्मीकराव कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी झाले. कारकून माणूस, मूळचे पिंपळगाव बसवंतचे, घरी कांद्याची शेती, गळ्यात तुळशीची माळ. चांगुणा लाडू वळत होती तिथं ते थांबले.

"हे पांढरं काय गं?"

"हाडाचा चुरा, साहेब."

वाल्मीकराव दोन पावलं मागं सरले. "हाडं? अरे कोंडाजी, ही फुलं मी रोज विठोबाला वाहतो!"

"मंग? अकरा सालं खातोय की तुमचा इठोबा. कदी तक्रार केली?"

"ते काही नाही. हौदात हाडं जाणार नाहीत. खत मी बघतो. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी."

कोंडाजीनं टोपलं उचललं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हाडाशी, कातड्याशी, मेल्या जनावराशी कुणाचा हात जोडला जातो, आणि त्यावरून दोन पावलं कोण मागं सरतं, हे त्याच्या बापानं त्याला सांगायची गरज पडली नव्हती. त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. घर येईस्तोवर तो एक शब्द बोलला नाही. चांगुणा घाबरली. नवरा ओरडत असे तोवर सगळं ठीक असायचं.

रविवारी कोंडाजीची सुट्टी. वाल्मीकराव युरियाची पिशवी घेऊन आले, लेंगा वर खोचला आणि कांद्याच्या वाफ्यात फोकतात तसा, डौलात, मुठी भरभरून युरिया त्यांनी हौदात फोकला. पांढरंशुभ्र, स्वच्छ खत! चारही दिशांना फोकून झाल्यावर, सवयीनं, आभाळाकडे बघून त्यांनी हातही जोडले.

बुधवारी मासे उताणे झाले. पुढच्या आठवड्यात पाणी हिरवं पडलं, मग दाट झालं, आणि त्याला असा वास सुटला की लोक बागेला वळसा घालून जाऊ लागले. पानं कडेनं कुजली. आलेल्या तीन कळ्या पाण्याखालीच काळ्या पडल्या.

कोंडाजीनं मेलेले मासे टोपल्यात भरले, टोपलं डोक्यावर घेतलं आणि थेट वाल्मीकरावांच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

"साहेब, माझ्या लाडवात चिमूटभर हाड हुतं. तुमी आख्खी मासळी घातली. आता इठोबाला इचारा, ह्ये चालतं का!"

"कोंडाजी, आवाज खाली."

"का? हौद वरडतोय तो ऐकू येत नाय? हाड म्हंजी इटाळ, आन् युरिया म्हंजी तीर्थ व्हय? अवो, कांद्याच्या वाफ्यातलं पानी वाहून जातंय. ह्ये कुटं जाईल? त्या बया बसल्यात तशाच, तुमचं तीर्थ पीत! पुनवेला म्या कुसाबाईम्होरं काय घिऊन जाऊ, तुमची पिशवी?"

शेजारच्या खिडक्या उघडल्या.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाजी बादलीनं हौद उपसू लागला. उन्हाचं, एकट्यानं. तिसऱ्या बादलीला शेजारी दुसरी बादली पडली. वाल्मीकराव ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून आले होते. कोंडाजीनं त्यांना हाकललं नाही. तेवढी दयाही दाखवली नाही. चार दिवस तो त्यांना झोडत राहिला. "बादली वाकडी धरताय. त्या मुळाला पाय लावू नका, ते काय कांदं हाय? अवो, हळू!" हौद रिकामा झाला, घासला, ताजं पाणी भरलं. कंद धुऊन सडकी पानं कापली. कुंड्यांतली माती बदलली आणि चांगुणेनं राखून ठेवलेले लाडू, हाडासकट, दाबले गेले. वाल्मीकराव त्या वेळी दुसरीकडे बघत होते.

मग वाट बघणं. कोंडाजी रोज उजाडता हौदावर जाई आणि कुजबुजून शिव्या घाली. पौर्णिमेला चार दिवस राहिले तेव्हा एकाच कुंडीतून एकच कळी वर आली.

पौर्णिमेच्या सकाळी ती उमलली. हौदाच्या काठावर वाल्मीकराव आधीच उभे होते, अंघोळ करून, हात मागं बांधून.

"घेऊन जा, कोंडाजी," ते म्हणाले. "आज माझ्या देवाला नको."

कोंडाजी भडकला. "तुमी कोन देनारे? फूल माजं हाय! हौदात उतरून म्याच वाढवलंय!" आणि हौदात उतरून, फूल कापून, ओल्या धोतरानं तो तडक विहाराकडे चालू लागला. नव्या मूर्तीपुढं त्यानं फूल ठेवलं. कुसाबाई म्हणाल्या, "एकच?" तो म्हणाला, "एकच. पन लय भांडून आनलंय."

त्याच संध्याकाळी तो चांगुणेसह बागेत नवं खत मळायला बसला. उरलेल्या दहा कुंड्या अजून अशक्त होत्या. वाल्मीकराव आले आणि घमेल्यापाशी उभे राहिले.

कोंडाजीनं घमेलं त्यांच्यापुढं सरकवलं. "घाला हात."

वाल्मीकरावांनी चुऱ्याकडे पाहिलं. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. माळ चाचपली. मग दोन बोटं घातली.

"दोन बोटांनी लाडू व्हतो व्हय?"

त्यांनी डोळे मिटून दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. बऱ्याच खटाटोपानं एक लाडू वळला गेला, एका बाजूनं चपटा, दुसरीकडून फुटलेला.

कोंडाजीनं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडला, "असला लाडू बघून कमळ उठून पिंपळगावला जाईल! मोडा तो. परत वळा!"

चांगुणेनं पदर तोंडाला लावला. तिला ठाऊक होतं, माणूस खूश आहे.