त्या दुपारी कुठलाच फोन वाजला नव्हता

आधीच सांगते, मी बी.फार्म. झालेली बाई आहे आणि बीडमध्ये बसस्टँडपासून जवळच एका मेडिकलवर काम करते. रोज दुकानात कोणी ना कोणी ताईत बांधलेला हात पुढे करून औषध मागतो आणि मी त्याला गोळी कधी घ्यायची तेवढंच सांगते. ताईताबद्दल बोलत नाही, कारण माझा अशा गोष्टींशी काही संबंधच नव्हता. आमच्या घरातही कोणी कधी देवऋष्याकडे गेलेलं नाही. माझी आई चौथी शिकलेली आहे, पण अंगात येणाऱ्या बाईपुढे नारळ ठेवायला तिने आयुष्यभर नकार दिला. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे पुढची गोष्ट त्याच आईची आहे... आणि माझ्या भावाची.

प्रवीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. अकरा वर्षांचा असताना त्याला टाइप वन डायबेटिस निघाला. म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही, दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. टोचलं आणि वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, मग बरळणं, मग शुद्ध हरपते. चकलांब्याला गावी असताना आईने त्याला असं दोनदा साखरेचं पाणी पाजून परत आणलेलं.

गेल्या वर्षी त्याला दंडावर लावायचा सेन्सर घेतला. मोठ्या बटणाएवढा असतो. दर पाच मिनिटांनी तो फोनमधल्या ॲपला साखरेचा आकडा पाठवतो. आकडा पंचावन्नच्या खाली गेला की फोन कारखान्याच्या भोंग्यासारखा ओरडतो, सायलेंटवर असला तरी. तोच आकडा माझ्याही फोनवर दिसायचा. सेन्सर लावल्यावर प्रवीण महिनाभर गावी होता. भोंगा वाजला की आई हातातलं टाकून साखरेचा डबा घेऊन यायची. ‘प्रव्याचं मशीन’ म्हणायची ती त्याला. तिचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात ॲप वगैरे काही नाही.

मग तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी बीडला माझ्याकडे राहायला आला आणि जवळच्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. दुसरा मजला, साठेक टेबलं, प्रत्येकाला प्लायवुडचा आडोसा. तिथे पान उलटलं तरी आवाज येतो. अशा ठिकाणी हा भोंगा.

पहिल्या आठवड्यात तो तीनदा वाजला. त्यातला एकदाच खरा. बाकी दोन वेळा हा दंड टेबलाच्या कडेला दाबून बसला होता. सेन्सरवर दाब आला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो. पोरं आधी दचकली, मग वैतागली, मग हसायला लागली. त्याचं नाव भोंग्या पडलं. एकदा जिन्यात कोणीतरी मागून तोंडाने भोंगा वाजवला, ते त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसत होता. पण त्या दिवशी तो जेवला नाही नीट.

“ताई, आवाज कमी करून दे ना,” एका रविवारी तो म्हणाला. “लई वाजतंय गं. आता तर ते वाजेल या भीतीनंच साखर वाढवून ठेवतोय मी.”

हे खरं होतं. त्याचे आकडे अडीचशेच्या वर राहू लागले होते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आवाज असह्य झाला की पेशंट एक दिवस सगळंच बंद करून टाकतो, ते जास्त वाईट. कमी करा, पण खालचा अलार्म बंद करू नका.

मी ते पाळलं. अलार्म बंद नाही केला. आवाज सगळ्यात खालच्या पट्टीवर आणला आणि सोबत व्हायब्रेशन सुरू केलं. फोन कायम खिशात ठेवायचा असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आणि अजून एक केलं... सेन्सर आणि फोनचा संपर्क तुटला की एक वेगळी सूचना यायची, दिवसातून दहादा, आम्हा दोघांच्याही फोनवर. ती मी बंद केली. तिचा मलाच कंटाळा आला होता.

दोन आठवडे छान गेले. आकडे सुधारले. मग एका मंगळवारी अभ्यासिकेत नवा नियम निघाला, फोन दाराजवळच्या लाकडी कप्प्यात ठेवायचे. प्रवीणने आपल्या आजाराचं कारण पुढे केलं असतं तर अभ्यासिका चालवणाऱ्या सरांनी त्याला सूट दिली असती, सर चांगले होते. त्याने सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही. त्याची जागा आत, भिंतीपलीकडे. सेन्सरचा सिग्नल तिथपर्यंत पोचत नव्हता.

तो त्याच आठवड्यातला गुरुवार होता. दुपारी दुकानात गर्दी होती. तीन वाजून बावीस मिनिटांनी आईचा फोन आला. वेळ कॉल लॉगमध्ये आहे, मी नंतर पन्नास वेळा पाहिली.

“अर्चे, प्रव्याचं मशीन वाजू लालंय.”

मला वाटलं तो न सांगता गावी गेला. “तो आलाय का तिकडे?”

“न्हाई गं. मी रानात हाय, कापूस वेचाय. शेजारची शमीम हाय संगट. इथंच वाजतंय, पण दिसंना कुठं.”

“आई, तो इथे अभ्यासिकेत आहे. त्याचा फोन त्याच्याजवळ आहे. तुला कसा ऐकू येईल?”

“ते मला काय ठावं. पयल्यावानी भोंगा न्हाई वाजत. सायकलीच्या घंटीवानी वाजतंय. तीनदा वाजतं अन् थांबतं. तू बघ त्याची साखर.”

मी फोन कानावरून काढून ॲप उघडलं. एकशे अठरा. सरळ बाण, म्हणजे साखर स्थिर. इतका चांगला आकडा की मला बरं वाटलं. “एकशे अठरा आहे. एकदम छान. कोणाची तरी सायकल असेल रस्त्याला.”

“बरं,” ती म्हणाली. पण पटलं नव्हतं, ते आवाजावरून कळलं.

तीन एकतीसला परत फोन. “अजून वाजतंय, अर्चे. तू जाऊन ये की जरा.”

अभ्यासिका दुकानापासून चालत सात-आठ मिनिटांवर. समोर चार माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. मी जरा तुटकच बोलले. “आई, माझ्या हातात त्याचा आकडा आहे. मशीनला जास्त कळतं की तुला?”

तिने फोन ठेवला.

तिसरा फोन तीन बावन्नला. या वेळी ती हळू बोलत होती.

“थांबलं गं आता.”

मी म्हणाले, “बघ, भासच होता ना. उन्हाचं थोडं पाणी पी.”

मी पाहिलेल्या त्या आकड्याच्या खाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं की हा आकडा पाऊण तासापूर्वीचा आहे. मी ते वाचलं नव्हतं.

पाच वाजता सरांचा फोन आला. “मॅडम, प्रवीण उठत नाहीये.”

तो टेबलावर डोकं टेकून होता, हाताची घडी करून, जसं तिथले अर्धे लोक दुपारी झोपतात. शेजारच्या मुलाला वाटलं, झोपलाय. तो उठून चहाला गेला तेव्हा याच्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून गेला, असं त्यानेच मला रडत सांगितलं. पायाशी डबा होता. दोन वाजता इन्सुलिन घेतलं होतं, टोचायच्या पेनमध्ये वेळेची नोंद आहे. अडीचला सराव पेपर सुरू झाला म्हणून एक पोळी खाऊन डबा तसाच झाकला होता.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला नेलं. काय बोलले ते आठवत नाही. थोड्या वेळाने सरांनी प्रवीणचा फोन आणून दिला, कप्प्यातून काढलेला. कुठे ठेवावा कळेना म्हणून मी तो स्ट्रेचरवर, त्याच्या हाताशी ठेवला.

सेन्सरमध्ये काही तासांचे आकडे साठून राहतात. फोन जवळ आला की ते आपोआप भरले जातात. माझ्या डोळ्यांसमोर ती रेषा काढली जाऊ लागली. दोन पस्तीसपर्यंत सपाट. मग उतार. तीन वीसला पंचावन्नच्या खाली. तीन पन्नासला मोजता येणाऱ्या आकड्याच्या खाली गेली आणि संपली.

मग फोन वाजला. अगदी बारीक. सायकलच्या घंटीसारखा, तीनदा. मग थांबला.

मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं की त्याने टोन बदलला आहे.

मी तिथे खाली बसले. लोकांना वाटलं, भावासाठी. भावासाठी तर होतंच...

तेराव्यापर्यंतचे दिवस मी लिहीत नाही. महिन्याभराने, थोडं डोकं चालायला लागल्यावर, मी याचा छडा लावायचं ठरवलं. आमच्या दुकानाशेजारी रफिकभाई मोबाइल दुरुस्त करतात. त्यांनी प्रवीणच्या फोनमधल्या सगळ्या नोंदी काढून दिल्या. टोन सोमवारी बदललेला, अभ्यासिकेच्या वेळेत. गुरुवारी दोन पस्तीसनंतर सेन्सरशी संपर्क नाही, आणि दवाखान्यात येईपर्यंत एकही अलार्म नाही.

“बाजी, ये बजाच नहीं,” ते म्हणाले. दोनदा तपासून म्हणाले. माझ्या फोनवरही काही वाजलं नव्हतं. म्हणजे त्या दुपारी तो अलार्म कुठल्याही फोनवर वाजलेला नव्हता. तरी पन्नासेक किलोमीटर लांब कापसाच्या रानात माझ्या आईला तो अर्धा तास ऐकू येत होता.

मी गावी गेले. शमीमचाचींना वेगळं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “मला काहीच ऐकू नाही आलं, बेटी. पण तुझी आई ओटीतला कापूस सांडून बांधावर जाऊन उभी राहिली. कोणाचं वाजतंय, कोणाचं वाजतंय, विचारत होती. रस्त्याला सायकल काय, कुत्रंसुद्धा नव्हतं. मग एकदम बसली खाली. मी म्हटलं, ऊन लागलं.”

मग आईसमोर बसले. ॲपमध्ये आठ टोन आहेत. मी एकेक वाजवला, क्रम उलटासुलटा करून. काय चाललंय ते तिला सांगितलं नाही. सहाव्याला तिने माझं मनगट धरलं.

“ह्योच. पण लई मोठ्यानं वाजत व्हता.”

यावर मी जमेल तेवढं डोकं लावलं. टोन बदलल्यावर तो गावी गेलाच नव्हता. फोनवर तिला ऐकवला असेल का? विचारलं, ती नाही म्हणाली, आणि आई खोटं बोलत नाही. योगायोग म्हणावा तर घंटी, तीनदा, तीन बावीस, तीन बावन्न... किती योगायोग मोजायचे? डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, आईच्या मनाला अशा वेळी काहीही होतं. पण अशा वेळी म्हणजे कशा वेळी? तेव्हा तर कोणालाच काही माहीत नव्हतं.

 कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, फक्त मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

एकच गोष्ट मला आईला सांगायची होती आणि जमत नव्हती. निघायच्या दिवशी चुलीपुढे बसून सांगून टाकली. “आई, त्याच्या अलार्मचा आवाज मीच कमी करून दिला होता.”

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्यानंच सांगितलं व्हतं. ताईनं आवाज कमी करून दिला, आता पोरं हसत न्हाईत म्हणला. लई खूश व्हता त्या दिवशी.”