ओल्या तळहाताची साक्ष

माझ्या धाकट्या भावाचे तळहात लहानपणापासून घामेजतात. शाळेत पेपर लिहिताना तो हाताखाली रुमाल ठेवायचा, तरी शाई फुटायचीच. ऊन असो, थंडी असो, घाबरलेला असो की खुशीत, हात ओले ते ओलेच. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ज्या मोटार कारखान्यात तो शिफ्ट इंजिनिअर आहे, तिथल्या गेटवरचं बोटाचा ठसा घेणारं यंत्र त्याला ओळखत नाही. पँटला बोट पुसून पुसून शेवटी तो नंबर दाबून आत जातो. आम्ही यावर कायम हसत आलो. पण गेल्या वर्षी एक आठवडा असा आला की मला त्या हातांखेरीज काही दिसेना. पोलिसांना त्याच बोटांना तारा लावायच्या होत्या.

झालं होतं ते असं. त्याच्या विभागात रोबो जाळीच्या पिंजऱ्यात वेल्डिंग करतात. आत माणूस जायचा असला की शिफ्ट इंजिनिअरने आधी मशीनची किल्ली काढायची आणि बाहेरच्या फलकावर हुकाला अडकवायची. किल्ली बाहेर आहे तोवर रोबो हलत नाही. एका दुपारी एक कंत्राटी कामगार आत गेला आणि रोबो हलला. कामगाराचा उजवा हात चिरडला. लोक धावले तेव्हा किल्ली मशीनमध्येच होती. भावाचं म्हणणं, मी ती काढून हुकाला लावली होती, नंतर कुणी परत घातली ते मला माहीत नाही. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. पोलिसांनी भावाला आणि देखभालीच्या एका तंत्रज्ञाला विचारलं, लाय डिटेक्टरची चाचणी द्याल का?

विचारावंच लागतं. आपल्याकडे ही चाचणी जबरदस्तीने करता येत नाही. वकिलाशी बोलून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून, माणसाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं असतं. आणि यंत्राने काढलेला निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

हे मला पाठ होतं, कारण मी पत्रकांवर वाढले. इचलकरंजीत वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात कामगारांची पत्रकं निघायची. बिघडलेल्या छपाईचे कागद घरी यायचे, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. ‘पोलिसांनी बोलावले तर काय कराल?’ हे पत्रक मी कविता म्हणावी तसं पाहुण्यांसमोर म्हणून दाखवत असे. त्यामुळे भाऊ मला चिडवताना ‘पत्रक’ म्हणतो. चेन्नईत आल्यावरही ते सुटलं नाही. मी सिरुसेरीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, तो कारखान्यात, आणि आम्ही दोघं वेस्ट मांबलममध्ये ज्यांना मामी म्हणतो त्या घरमालकीणबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो.

त्या दिवशी शूज न काढताच तो म्हणाला, “देऊन टाकतो चाचणी. एचआरला सांगितलंसुद्धा.”

“का?”

“का म्हणजे? मी काही केलेलं नाही. नाही म्हटलं तर उगाच संशय.”

“तो निकाल कोर्टात चालत नाही.”

“मग झालं तर! चालत नाही तर बिघडतंय काय?”

“कोर्टात चालत नाही, बाकी सगळीकडे चालतो. तुझ्या कंपनीत चालतो, पेपरात चालतो, खालच्या इस्त्रीवाल्याकडे चालतो. यंत्राने खोटारडा म्हटलं की कोर्टाने सोडून काय उपयोग?”

“आलं. पत्रक आलं. जा, मांबलम स्टेशनबाहेर उभी राहून वाट.”

“वाटीन.”

“तमिळमध्ये छाप फक्त. मराठी वाचणारी इथे दोनच गिऱ्हाईकं, मी आणि मामी. आणि मामी चष्मा शोधेपर्यंत आपली बदली होईल.”

मी हसले नाही. तोही खरं तर हसत नव्हता. शूजची नाडी सोडताना ओल्या बोटांतून ती निसटत होती, आणि मी तेवढंच बघत होते. ते यंत्र करतं काय? नाडी मोजतं, श्वास मोजतं आणि बोटांवरचा घाम मोजतं. खोटं मोजायचं माप कुणाकडेच नाही. भीती मोजायची आणि तिला खोटं म्हणायचं, एवढंच ते करतं. आणि पोलिसांसमोर कुठला निर्दोष माणूस घाबरत नाही?

ऑफिसात जेवताना मी हे बोलून बसले, भावाचं नाव न काढता. माझ्या टेबलावरचा एक पुण्याचा सहकारी डबा उघडत म्हणाला, “उलट मी म्हणतो, कोर्टाने हे निकाल सरळ मान्य करावेत. साक्षीदार फुटतात, खटले सडतात. यंत्र निदान कुणाचं मिंधं नसतं.”

“आपण साधं लॉगिनचं पान गिऱ्हाइकाला देण्याआधी किती वेळा तपासतो? खऱ्या माणसाला ते चोर ठरवतंय का, हे बघतो ना? इथे चुकलं तर माणूस तुरुंगात जाईल.”

“चुका न्यायाधीशही करतात.”

“करतात. पण न्यायाधीशाला कारण लिहावं लागतं, आणि त्यावर वर जाता येतं. वाकड्यातिकड्या रेघेला काय विचारशील?”

“बाई गं, एवढी का पेटलीस? घरातलं कुणी अडकलंय का?”

त्याने ते सहज म्हटलं. वडिलांच्या पत्रकांत अशा वेळी काय बोलावं ते नव्हतं. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, “नाही.” तेव्हा माझ्या बोटांना तारा असत्या तर?

रविवारी वडिलांचा फोन आला. मला वाटलं होतं, ते आधी चाचणीबद्दल बोलतील. त्यांनी भावाला विचारलं, “त्या कामगाराचा हात वाचला का?”

“नाही, बाबा. काढावा लागला.”

मग ते म्हणाले, “चाचणी देऊ नकोस. तो तुझा हक्क आहे. पण त्या दुपारी काय झालं ते कळायचा हक्क त्या माणसाचाही आहे, एवढं धरून चाल.”

भाऊ ‘हो बाबा’ म्हणाला आणि फोन माझ्याकडे देऊन गॅलरीत गेला. चाचणीला नकार देतो असं काही तो म्हणाला नाही. उद्याच मॅजिस्ट्रेटसमोर जायचं होतं.

संध्याकाळी आम्ही जिना उतरत असताना मधल्या मजल्यावरून मामींनी हाक मारली. मामी बँकेतून निवृत्त झाल्यात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे तंजावरला आले, आणि त्यांची मराठी तेव्हाचीच आहे, वर तमिळचा हेल.

“आंत या दोघं. कण्णा, मज सगळं ठाऊक आहे. इमारतींत बायका कुजबुजतात. मज ते आवडत नाही. माझ्या घरांत राहणारा मुलगा असा नाही, म्हणून मी सांगितलं. पण माझ्या सांगण्यानं काय होतं?” त्यांनी देवापुढच्या पितळी ताटलीत कापराची वडी ठेवली आणि पेटवली. “हातानं विझव आणि सत्य कर. मग बघते कोण तोंड उघडतं ते.”

जळता कापूर तळहाताने विझवून शपथ घ्यायची, ही इकडची जुनी रीत. खऱ्याचा हात भाजत नाही म्हणे.

“मामी, हे कशाला?” मी म्हणाले. “पोलिसांच्या यंत्रात आणि यात फरक काय? दोन्हीकडे माणसाला गप्प बसवून त्याच्या कातडीला विचारायचं!”

“तू गप्प राहा, अम्मा. तुझं भाषण मी रोज जिन्यातून ऐकते. त्याचं एकदा होऊं दे.”

मला वाटलं, भाऊ हसून टाळेल. त्याने टाळलं नाही. तो पुढे झाला, म्हणाला, “किल्ली मी काढून हुकाला लावली होती,” आणि तळहात ज्योतीवर आपटला. इतक्या जोरात की ताटली उलटली. चर्र असा आवाज झाला.

आणि मी काय केलं? शरीराला साक्षीदार करू नका, असं जिला पाठ आहे त्या मी, सगळ्यांत आधी वाकून त्याचा हात बघितला.

काही झालं नव्हतं. काळा डाग तेवढा होता, तोही मामींनी पदराने पुसताच गेला. मामींनी त्याचा हात धरून दारात नेला आणि समोरच्या बाईंना तमिळमध्ये मोठ्याने ऐकवलं, बघा, फोडसुद्धा नाही!

जिना उतरताना भाऊ म्हणाला, “सुटलो. मामींच्या कोर्टात तरी सुटलो.”

“हात ओला होता म्हणून सुटलास,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नको इतका चढला होता. “कळतंय का तुला? ज्या घामानं इथे खरा ठरलास, त्याच घामानं तिथे खोटा ठरशील. हात तोच, घाम तोच, तूही तोच!”

तो पायरीवर थांबला. काही टोमणा मारेल म्हणून मी वाट बघितली. त्याने दोन्ही तळवे समोर धरले, जणू ते कुणी त्याच्याकडे ठेवायला दिले होते, आणि खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या वकीलबाई त्याला एवढंच म्हणाल्या, निर्णय तुमचा, कुणासाठी घेऊ नका. आधी त्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो झटकन ‘संमती आहे’ म्हणाला. कंपनीचा माणूस मागे बसून मान डोलावत होता. मग भाऊ उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी सावकाश समजावलं. कुणी धमकावलंय का, आमिष दाखवलंय का, नाही म्हणायची मोकळीक आहे हे माहीत आहे ना. भावाने कठड्यावर ठेवलेले हात उचलले. लाकडावर दोन ओले ठसे राहिले. माझ्या जागेवरून ते स्पष्ट दिसत होते आणि मला वेड्यासारखं वाटत होतं की कुणीतरी उठून ते पुसावेत.

“संमती देता?”

“नाही, सर.”

कंपनीच्या माणसाची मान थांबली. त्याने फोन काढला आणि बाहेर गेला. एका शब्दाने माझा भाऊ संशयित झाला, हे मला त्या उघडझाप झालेल्या दारात दिसलं. पत्रकात हक्क छापलेला असतो. तो वापरल्यावर लोक तुमच्याकडे कसे बघतात, ते छापलेलं नसतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. आम्ही मागे बसलो. तो खिडकीशी होता, पण बाहेर बघत नव्हता.

“ताई, तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

“काय?”

“किल्ली खरंच हुकाला लावली होती का ते. चाचणी देऊ नको म्हणालीस, मामींशी भांडलीस, ऑफिसात भांडलीस असशील. मला विचारलं नाहीस.”

मला वाटत होतं, न विचारणं म्हणजे विश्वास. त्याच्या तोंडून ऐकताना ते तसं वाटलं नाही. त्याचे हात मांडीवर उघडे होते. मी नजर उचलून पुढच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनवर ठेवली आणि तिथेच ठेवून विचारलं, “लावली होतीस?”

“माहीत नाही.”

बस सिग्नलला थांबली, निघाली.

“रोज लावतो ना गं. रोज तोच हुक, तोच फलक. डोळे मिटले की लावताना दिसतो मी, पण तो त्याच दुपारचा की आदल्या दिवशीचा ते कळत नाही. पहिल्या जबाबात लावली म्हणून बसलो, कारण मी लावतोच. मग तेच म्हणत राहिलो.” तो थांबला. “चाचणीला हो म्हणालो ते लोकांसाठी नव्हतं. वाटलं, यंत्र तरी मला सांगेल. काल कापरावर हात आपटला तोही त्यासाठीच. बघू भाजतोय का.”

माझे सगळे मुद्दे खऱ्या आणि खोट्या माणसांसाठी होते. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याला यंत्राने काय म्हटलं असतं? त्याने हो म्हटलं असतं तरी तो घामेजला असता, नाही म्हटलं असतं तरीही. आणि त्या रेघेखाली कुणीतरी एक शब्द लिहून दिला असता. कोर्टाने ती रेघ घेऊ नये, हे मी आजही म्हणते, पूर्वीपेक्षा जोराने म्हणते. पण तेव्हा मला दिसत होता तो कुठल्याशा इस्पितळात एका हाताने उठून बसायला शिकणारा माणूस, ज्याला मी पाहिलंही नव्हतं.

“हे सांगावं लागेल,” मी म्हणाले.

“हो. सांगितलं तर मीच बुडेन कदाचित.”

“कदाचित.”

“तू म्हणायचं असतं, नाही बुडणार म्हणून.”

“पत्रकात तसं लिहीत नाहीत.”

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा खरं हसला असं मला वाटलं, पण वाटलं तेवढंच. त्याने वकीलबाईंना फोन लावायला मोबाइल काढला. बोट लावलं. मोबाइल उघडेना. शर्टाला पुसून पुन्हा लावलं, तरी उघडेना. मी माझी ओढणी पुढे केली. त्याने त्यात दोन्ही हात पुसले, सावकाश, एकेक बोट, आणि पुन्हा प्रयत्न केला.