पुसता न येणारी यादी

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. पवनीकडच्या एका मासेमार संस्थेत मी कॉम्प्युटर चालवायची. मी कारध्याच्या ढिवराची पोर. आमच्या घरी जाळी विणता येत होती, माऊस कोणाच्या बापानं धरला नव्हता. म्हणून ऑफिसात जो तो मला शिकवायला यायचा. मी कोणाचं ऐकून घेत नसे.

एके सकाळी एक म्हातारी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिचा नवरा वारला होता. सभासदांच्या यादीत त्याच्या नावापुढे 'मयत' लिहायचं, तर आमच्या शहाण्यांनी ते तिच्या नावापुढे लिहिलं होतं. यादी त्याच संध्याकाळी भंडाऱ्याला जायची होती. तीत मयत म्हणून गेली, तर वर्षभर तिला तलावात जाळं टाकता येणार नाही.

"मी तं जित्ती हावो ना वं बाई!"

"दिसून राहिलं मले, आजी. बसा."

दुरुस्त यादी करायला मला पाच मिनिटं लागली. पण छपाई त्याच नावाच्या फाइलीतून व्हायची; जुनी पुसल्याशिवाय नवी तिच्या जागी बसेना, आणि जुनी काही केल्या पुसली जाईना. फाइल उघडी आहे, दुसरं कोणीतरी वापरतंय, असंच मशीन सांगे. मशीन दोनदा बंद करून चालू केलं. तेच. फाइलचं नाव बदलून पाहिलं. तेच. शेजारचा कारकून म्हणाला, "राहू दे, सोमवारी नागपूरचा इंजिनिअर येते."

"मंग सोमवारपर्यंत आजीले मेलेलीच ठेवू काय?" माझं डोकंच फिरलं.

जाळं अडकलं की ओढायचं नसतं, कुठं अडकलं ते चाचपायचं, हे बाबांनी शिकवलेलं. माझ्याकडे फाइल उघडी नाही, तर मग कुठं? वायरीनं जोडलेला दुसरा कॉम्प्युटर एकच होता, साहेबांच्या खोलीत. साहेब म्हणाले, "माझा तर कालपासून बंद आहे. हे बघ." खरंच, स्क्रीन काळी, वर त्यांच्या बायकोनं विणलेलं क्रोशाचं कव्हर. मी वाकून टेबलाखालच्या सीपीयूला हात लावला. अवं माय, गरम! साहेब रोज नुसती स्क्रीन बंद करायचे, कव्हर घालायचे आणि घरी जायचे. कव्हर घातलं की कॉम्प्युटर झोपला, असा त्यांचा समज. मी स्क्रीनचं बटण दाबलं, तर कालची यादी तशीच उघडी.

ती बंद केली. माझ्या जागेवर येऊन जुनी यादी पुसली, तर एका फटक्यात गेली! नवी बसली. छाती अशी फुगली म्हणता!

यादी छापून निघाली तोवर साहेब बाहेर आले. "झालं आजी, आम्ही करून दिलं तुमचं काम." मी दात-ओठ खात यादी आजीपुढे धरली.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "कोठं हाय मी?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. बोट तिथून न हलवता ती साहेबांना म्हणाली, "तुमी तं मले मारलं होतं जी. जित्ती केली या पोरीनं."