मायच्या डोळ्यातला पापुद्रा

आठवीतून शाळा सोडलेला मी आता गावापासून लय लांब, परराज्यात कंपनीत राबतो. घरून फोन आला की आधी मायचा डोळा आठवतो.

मायचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्यात ढग आला, तेव्हा डॉक्टरांनी कुण्या मेलेल्या माणसाच्या बुबुळाचा आतला पापुद्रा तिथं बसवला. त्याच्या घरच्यांना मी अजून मनात हात जोडतो. या पापुद्र्याला टाका नसतो. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात, तोच त्याला दाबून धरतो. म्हणून छताकडं बघत उताणं पडायचं. मी रजा टाकून मायपाशी थांबलो.

आम्ही लिंगायत. लिंगपूजेशिवाय माय पाणी घेत नाही. मी औषध आणायला मानवतला गेलो आणि ती उठून बसली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि मान खाली घालून एकटक बघत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "पुन्ना धुकं दिसायलंय रे."

दादा, माझा थोरला भाऊ, रानातून आला. त्यानं ऐकलं आणि माझं मानगूट धरून मला भिंतीवर आपटलं. "तुला कशाला ठिवलं व्हतं इथं? गाव फिरायला?" हाताला लागलेली तुरीची वाळकी काठी, तुराटी, दोन फटक्यांत मोडली. मग त्यानं बैलाचा कासरा घेतला. कासऱ्याची गाठ भिवईवर बसली, रक्त गालावर उतरलं. माझं लक्ष बाजेकडं होतं. माय कोपरं टेकून उठायला लागली होती.

"माय, पडून राहा. मारू दे मला. तू उठू नको."

तेव्हा दादाला ती उठताना दिसली. कासरा टाकून त्यानं तिचे खांदे असे दाबले की बाज करकरली. "हालशील तर बघ," तो ओरडत होता आणि रडतही होता.

सकाळी तिला जीपमध्ये उताणंच दवाखान्यात नेलं. पापुद्रा कडेनं सुटला होता. सुईनं पुन्हा हवा भरताना मायची नखं माझ्या मनगटात रुतली. पूजेचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "करा की, पण वर बघून." मग माय चिमटीत लिंग धरून हात वर करायची. ते निसटून डोळ्यावर पडू नये म्हणून दादा तिचा हात धरायचा.

पापुद्रा चिकटला. धुकं विरलं तसं मायनं मला जवळ ओढलं, भिवईवरच्या खपलीला बोट लावलं.

"इकडं ये रे," तिनं दादाला हाक मारली. "मला दिसायलंय आता. काय केलंस ते तूबी बघ."

दादा दारात पाठ करून उभाच राहिला. मायनं बाजेखालची चप्पल उचलली आणि फेकून मारली. बरोबर पाठीत बसली.