मास्तरांचं अंगण आणि आमटीची परीक्षा

आमटी माझ्या धोतरापर्यंत पोचली तेव्हा नरहरमास्तर शांतपणे म्हणाले, "बघा. हा तुमचा उतार."

मी कल्याणात त्यांच्या अंगणात पाटावर बसलो होतो. पुढ्यात पत्रावळ होती. पत्रावळीवर भाताचं आळं होतं, ते एका बाजूने फुटलं होतं आणि चिंचगुळाची आमटी माझ्या मांडीच्या रोखाने निघाली होती. सरकारी रस्त्यांवर उभा जन्म ओव्हरसियर म्हणून काढला, पण माझं काम असं कोणी तपासलं नव्हतं. साहेब फार तर काठीने ठोकून बघायचा.

"अजून थोडी वाढू का, भावोजी?" उमावहिनींनी विचारलं. त्यांच्या हातात पळी तयार होती.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगतो. मास्तर आणि मी लहानपणी एका पंतोजींकडे शिकलो. ते पुढे शाळामास्तर झाले, मी रस्त्यांच्या खात्यात शिरलो. दोघेही पेन्शनीत आलो. मी ठाण्याला राहतो, ते कल्याणात. घर बेताचंच, पण मागे अंगण ऐसपैस. अंगणाच्या एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार, आणि मधे तीन बाजूंच्या कुंपणापर्यंत सगळी माती. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि चिखलावर शेवाळ येतं.

एका श्रावणात कळशी घेऊन येताना वहिनी तिथेच घसरल्या. उजवा खांदा दुखावला. हाडवैद्याने बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. मुंबईला गोदीत कारकून असलेला त्यांचा मुलगा विनायक धावत आला, अंगण बघितलं आणि निकाल देऊन मोकळा झाला. पुढच्या आषाढाआधी घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी मुंबईला त्याच्या खोलीवर यायचं.

खोली एकच. त्यात तो, त्याची बायको आणि तीन मुलं. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तिथे नळाखाली कळशी लावून रांगेत उभं राहायचं म्हणे. माझी विहीर इथे भरलेली असताना मी रांगेत कशाला उभी राहू?" डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने पुसलं नाही, तसंच राहू दिलं. मला फार वाईट वाटलं. म्हणून मी बोलून गेलो की अंगणाला फरसबंदी करून देतो. विनायक मुलाच्या मुंजीला वैशाखात इथेच येणार होता. तेव्हा अंगण बघून काय ते ठरवू, एवढं त्याने कबूल केलं.

मास्तरांचा हात पहिल्यापासून आखडता. फरसबंदी म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, घाबरू नका. कल्याणच्या अलीकडे एक दगडखाण आहे. पुलाच्या कामाला दगड लागतो तो सगळा एका मापाचा. एखाद्याचा कोपरा उडाला, एखादा जाडीला कमी भरला, की इन्स्पेक्शनमध्ये बाद. असे बाद दगड खाणीवर पडून राहतात. गाडीभाडं दिलं की मुकादम खुशीने नेऊ देतो.

"म्हणजे नापास झालेले दगड माझ्या दारात बसवणार?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही शाळेत जन्मभर नापासांनाच बसवलंत. सवय आहे तुम्हाला."

वहिनी आत हसल्या ते बाहेर ऐकू आलं.

दगड कोपरच्या एका गाडीवानाने आणले. शेवटची खेप उतरवताना त्याने घाम पुसला आणि विचारलं, "मास्तर, यी धोंडं शालंन घालाची का घरान?" त्या दिवसापासून आळीतल्या लोकांनी आमच्या अंगणाला शाळाच म्हणायला सुरुवात केली.

आता कामाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. फरसबंदी म्हणजे नुसते दगड मांडणं नव्हे. आधी वीतभर माती काढायची. तिथे मुरूम भरायचा आणि धुमसाने ठोकायचा. धुमस म्हणजे दांडा बसवलेला जड ठोकळा. त्यावर वाळू, वाळूवर दगड, आणि शेवटी दगडांच्या सांध्यांत चुना आणि विटांची भुकटी. दगडाची वरची बाजू गुळगुळीत करायची नाही, छिन्नीने तिला टाके मारायचे, म्हणजे ओला पाय घसरत नाही. मास्तरांना गुळगुळीत हवी होती, दिसायला बरी म्हणून. त्या बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट उतार. आमचा साहेब म्हणायचा, रस्त्याचा मालक सरकार नाही, पाणी आहे. त्याला जायला वाट दिली नाही तर ते रस्ता घेऊन जातं. मी जन्मभर तेच करत आलो. अंगणातही तेच केलं. माझ्याकडे पितळी लेव्हल आहे. तिच्यातल्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो, तो मधे आला की जमीन सपाट. मी तो कुठेच मधे येऊ दिला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून समोरच्या कुंपणापर्यंत सगळ्या अंगणाला सरळ, एकसारखा उतार दिला. दगड नुसते मांडून झाले होते, चुना भरायचा बाकी होता. मी खूष होतो. कळशीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी पळत कुंपणापाशी गेलं.

मास्तरांनी मान हलवली. "पाण्याचं झालं. आता आमटीचं बघू."

"आमटीचं काय?"

"मुंजीची पंगत इथेच बसायची. पाहुणे कुंपणाकडे पाठ करून बसणार. तुमचा उतार त्यांच्याच अंगावर येतो. विनायकाचे सासरे यायचेत. पत्रावळ सपाट, भात मऊ, आमटी पातळ. बसा पाटावर."

तर असा मी त्या पाटावर बसलो होतो.

धोतर आवरून उठलो आणि वाद सुरू झाला. मास्तर म्हणाले, सगळं अंगण पाण्यासारखं सपाट करा. मी म्हटलं, सपाट केलं तर पाणी साचेल, शेवाळ धरेल आणि वहिनी पुन्हा पडतील. ते म्हणाले, पंगत विस्कटली तर सासऱ्यांसमोर नाक कापलं जाईल. मी म्हटलं, मग पंगत घरात बसवा. ते म्हणाले, घरात माणसं मावली असती तर तुम्हाला बोलावलं असतं कशाला? दोघेही पेन्शनर. दोघांनाही दुसरं काम नव्हतं. बराच वेळ चाललं.

"इकडे फळ्यावर लिहून प्रश्न सुटतात," वहिनी शेवटी म्हणाल्या. त्या मास्तरांचं नाव घेत नसत, पण रोख बरोबर लागायचा. "आणि भावोजींना कुठंही रस्ताच दिसतो. मला पडायचंही नाही आणि माझ्या पंगतीला नावं ठेवून घ्यायचीही नाहीत. दोन्ही जमत नसेल तर सांगा, मी गाठोडं बांधायला घेते."



वहिनींनी माझ्यासमोर दुसरी पत्रावळ मांडली, कारण पहिलं जेवण माझ्या धोतराने केलं होतं. समोर मास्तरांची मांडली. आम्ही दोघे समोरासमोर रुसून बसलो आणि वहिनी मधून वाढत गेल्या. त्या खालून वर गेल्या, वरून खाली आल्या. भात, वरण, लिंबू, पुन्हा भात. मी त्यांच्या पावलांकडे बघत होतो. पंगतीत माणसं दोन्ही बाजूंना बसतात. मधली वाट वाढप्याची. तिथे कोणाचा पाट नसतो, कोणाचं पान नसतं. सबंध अंगणात तेवढीच जागा अशी, की जिथे पाणी गेलं तर कोणाच्या जेवणात जाणार नाही.

मी हातातला घास खाली ठेवला. "मास्तर, रस्ता उलटा करू."

सरकारी रस्ता मधे उंच असतो आणि दोन्ही कडांना गटारं असतात. आपण त्याच्या उलट करायचं. दोन्ही बाजूंना बसण्यापुरते दोन पट्टे, मधे दोन बोटं खोल अशी वाढप्याची वाट. उतार फक्त त्या वाटेला, विहिरीकडून पलीकडच्या टोकाच्या कुंपणाकडे. पट्टे सपाट, पण अगदी केसभर वाटेकडे झुकलेले. आमटी निघालीच तर ती पाहुण्याकडे येणार नाही, वाढप्याकडे जाईल. वहिनींची विहिरीहून येण्याची वाट त्या पट्ट्यावरूनच. आणि पट्ट्यांच्या मागची जागा फरसबंदीशिवाय तशीच ठेवायची. तिथे अळू लावा, मोगरा लावा.

"म्हणजे दगडही कमी लागतील," मास्तर म्हणाले. एवढ्या सगळ्या शास्त्रातलं त्यांना तेवढंच पटलं, पण पटलं.

दगड सगळे उचलून पुन्हा बसवले. पाथरवट मनातल्या मनात काय बोलला असेल ते मी लिहीत नाही. चुना भरायच्या आधी मास्तरांनी पुन्हा आमटीची परीक्षा घेतली. या खेपेला पाटावर तेच बसले. मी मुद्दाम पळी मोठी घ्यायला सांगितली. भात जागेवर राहिला. मास्तरांनी आमटी भुरकली आणि मिठाचा विषय काढला, यावरून मी पास झालो असं समजलो. मग दर खेपेला ठाण्याहून आल्यावर दगडांवर पाणी मारलेलं आहे की नाही ते मी बघायचो, कारण चुना सावकाश मुरला तरच धरतो.

मुंज झाली. भिक्षावळ झाली. उन्हं कलली तशी पंगत मांडली. दोन्ही पट्ट्यांवर पाट, पाटांपुढे पानं, पानांभोवती रांगोळी. एका रांगेत विनायकाचे सासरे आणि त्यांच्याकडची मंडळी, सगळी सोवळ्यात. समोरच्या रांगेत मास्तर, त्यांच्याशेजारी विनायक आणि मग मी. आमच्या डाव्या हाताला वरच्या टोकाशी, विहिरीजवळ, पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ ठेवलं होतं. तिथे वहिनी उभ्या राहून वाढप्यांवर नजर ठेवत होत्या.

वाचकांत कोणी अशा पंगतीला बसलं नसेल तर सांगतो. एकदा जेवण सुरू झालं की पानावरून मधे उठायचं नसतं. आणि वाढप्यांच्या पायाखालचं पाणी पानाला लागलं तर सोवळ्यातल्या माणसाला उठावंच लागतं. मग ते जेवण तिथेच संपतं. यजमान पुढची कित्येक वर्षं त्या पंगतीची गोष्ट ऐकत बसतो.

दुसरा भात आला. विनायकाने पायाखालच्या दगडाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "काम छान झालंय, काका. दिसायला छानच आहे. पण आज उन्हाळा आहे. आषाढात बघा, या दोन रांगांच्या मधे तळं होईल. आईला मी नेणारच."

सासऱ्यांनी मान डोलावली. मास्तरांचा घास हातातच राहिला. 

तेवढ्यात डावीकडे धडाम् आवाज झाला आणि घंगाळ कलंडलं.

सगळं पाणी एकदम निघालं. वाढपी जागच्या जागी थांबले. एकाने वरणाचं भांडं छातीशी धरलं. सासरेबुवांनी दोन्ही हातांनी पान उचलण्याची तयारी केली. मी डोळे मिटून घेतले, हे खरं सांगतो. माझ्या हिशोबाची मला खात्री होती, पण घंगाळभर पाणी मी हिशोबात धरलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा पाणी मधल्या वाटेने निघालं होतं. वाढप्यांच्या पावलांना लागून, दोन्ही बाजूंच्या रांगोळीला न शिवता, ते सरळ खाली गेलं, कुंपणाच्या भोकातून निघालं आणि बाहेरच्या केळीच्या आळ्यात शिरलं. थोड्या वेळाने वाटेत नुसते ओले दगड उरले. एकही पान हललं नाही.

"वरण," सासरेबुवा म्हणाले. वाढपी पुढे सरकला.

हात धुतल्यावर विनायक अनवाणी त्या वाटेवरून दोनदा चालला, टाच घासून बघितली, आणि मास्तरांना म्हणाला, "या वर्षी राहू दे. पुढचं पुढे बघू." पुढचं कोणी पुन्हा काढलं नाही.

मी ठाण्याची गाडी पकडायला निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. मी विचारलं, "वहिनी, एवढं जड घंगाळ आपोआप कसं कलंडलं?"

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "माझा हात वर होत नाही, तुम्हाला माहीतच आहे." मग म्हणाल्या, "पायाला काही झालेलं नाही."

मी उंबऱ्यावरच थांबलो. "आणि पाणी पानांत शिरलं असतं तर?"

"तर मुंबईला जावंच लागलं असतं. अशी पंगत उठल्यावर कल्याणात तोंड कुठे दाखवणार होते मी?" त्यांनी माझ्या हातावर वाटेसाठी लाडू ठेवले. "माझा भरवसा होता, भावोजी. तुमचं धोतर त्या दिवशी काय फुकट खराब केलं मी?"

तेव्हापासून कल्याणात चार घरी अशी अंगणं करून दिली. बाद दगड, थोडा चुना, दोन पट्टे आणि मधे वाट. खर्च कमी, टिकाव चांगला. फक्त काम पुरं झाल्यावर यजमानीणबाई जेवायला बोलावतात तेव्हा मी जुनं धोतर नेसून जातो.